बंदुकीच्या कड्या

"ओ काकू, दोरीच्या बाहेरून बघा! गाडीला हात लावायचा नाही!"

पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस माझ्यावर ओरडला. मी जन्मभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली, ओरडायचं काम माझं, ऐकायचं दुसऱ्यांचं. एरवी मी त्याला तिथंच सरळ केला असता. पण त्या वेळी त्याचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी दोरीखालून वाकून आत गेले होते आणि त्या काळ्याभोर डॉज गाडीच्या उघड्या मागच्या दारातून आत बघत होते. लोकांना दाखवायला म्हणून मागचं सीट काढून ठेवलं होतं, आणि खाली पत्र्यावर चार लोखंडी कड्या होत्या. जाड, ओबडधोबड. डावीकडची पुढची जरा वाकडी बसलेली.

माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. तिथं एक वण आहे. लहान असताना एकदा अण्णा गाडी धूत होते, सीट अंगणात उन्हाला टाकलं होतं, मी आत नाचत होते आणि घसरून नेमकी त्या वाकड्या कडीवर आपटले. केवढं रक्त आलं होतं! ती कडी मी विसरेन होय?

"बंदुकीच्या कड्या आहेत त्या," मागून भारदस्त आवाज आला. "असू दे रे, बघू दे ताईंना."

हे गाडीचे मालक, जयवंतराव शिंत्रे. कोल्हापूरचं बडं प्रस्थ. त्या उन्हात अंगात बंद गळ्याचा कोट आणि मिशांना पीळ.

"हिवरगड संस्थानच्या राजेसाहेबांची शिकारीची गाडी ही," ते म्हणाले. "या कड्यांना बंदुका बांधायचे. बारा वाघ मारलेत या गाडीतून, बारा!"

शेजारच्या पितळी पाटीवर तेच कोरलं होतं. वर हिवरगडची राजमुद्रासुद्धा होती, दोन वाघ आणि मध्ये तलवार.

"कसला राजा आणि कसलं काय!" मी म्हटलं. "माझ्या वडिलांची टॅक्सी आहे ही. मिरजेच्या स्टँडवरची!"

शिंत्रे हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण हसले.

"ताई, ऊन फार आहे. सरबत घ्या पलीकडे," म्हणाले आणि दुसऱ्या लोकांना वाघ सांगायला वळले.

मी तिथं पोचलेच कशी ते सांगते. आमच्या ह्यांना, म्हणजे दिनकररावांना, जुन्या फियाटचं वेड. संसारात त्यांनी माझ्याकडे जितकं बघितलं नसेल तितकं त्या गाडीकडे बघितलं. माझी नव्यासारखी सुती पातळं फाडून तिला पुसायची फडकी केली. त्या वर्षी जुन्या गाड्यांच्या एका क्लबानं कोल्हापूर ते राधानगरी अशी रॅली काढली होती. शनिवारी जायचं, धरणाच्या पाण्याजवळ माळावर तंबूत राहायचं, रविवारी बक्षीस समारंभ करून परत. हे म्हणाले, "अण्णांनाही घेऊ. गाड्यांच्या जत्रेला डायवर नको?" अण्णा म्हणजे माझे वडील, तातोबा चौगुले. तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या घरात. आई गेल्यापासून आमच्याकडेच असायचे. कधी नव्हे ते 'चला' म्हणाले.

तर तिथं सगळा बडा कारभार. आपण घरी रोज खातो तो झुणका, तो तिथं केळीच्या पानावर वाढून 'गावरान अनुभव' म्हणायचे. बायकांनी जुन्या काळचे पोशाख करून गाडीशेजारी उभं राहायचं आणि फोटो काढून घ्यायचे. मी सरळ सांगितलं, मी नथ घालून बॉनेटला टेकून उभी राहणार नाही. हे काही बोलले नाहीत. हे कधीच काही बोलत नाहीत.

मी तरातरा आमच्या तंबूकडे गेले. अण्णा बाहेर खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होते.

"अण्णा, चला! आपली डॉज सापडली!"

"कुठली?"

"कुठली काय? तुमची! काळी! कड्यांसकट आहे. आणि तो शहाणा सांगतोय, राजाची गाडी म्हणून. बारा वाघ मारले म्हणे! चला, तुम्ही येऊन त्याला सांगा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, परत पाण्याकडे बघितलं.

"असंल कुठली तर. सारख्या लई गाड्या असत्यात, इंदे."

"अहो पण ती वाकडी कडी! माझी हनुवटी फुटली ती!"

"बस जरा. दमलीस."

मला काही समजेना. ज्या माणसाची उमेदीची वर्षं त्या गाडीत गेली, त्याला साधं उठून बघावंसंही वाटू नये? चहा आणायला म्हणून मी भटारखान्याकडे गेले आणि परत येते तर खुर्ची रिकामी. अण्णा दोरीपाशी उभे होते. दोरीच्या बाहेर, हात पाठीमागे बांधून, एखाद्या परक्यासारखे. त्या मोजेवाल्यानं त्यांनाही "आजोबा, मागं व्हा" म्हटलं, आणि ते मागं झाले. ते बघून माझा असा संताप झाला म्हणून सांगू! स्वतःच्या गाडीसमोरून मागं व्हायचं?

अण्णांची ती गाडी मी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत आमच्या दारात होती. निपाणीच्या एका तंबाखूवाल्याकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. अथणी, जत, चिकोडी, कुठून कुठून पेशंट यायचे, आणि स्टँडवर टॅक्सीला तोटा नसायचा. अण्णा पहाटे जायचे, कधी कधी दोन-दोन दिवस यायचे नाहीत. आले की आई त्यांना परसदारीच थांबवायची, अंगावर चार घागरी ओतायची आणि मगच घरात घ्यायची. सोवळ्याची फार होती ती. गाडीत कायम उदबत्तीचा वास यायचा. आम्हाला मात्र त्या गाडीतून कधी कुठं नेलं नाही. जत्रेला नाही, मामाकडे नाही. "धंद्याची गाडी हाय, मिरवायची न्हाई," अण्णा म्हणायचे. आम्ही एसटीनं जायचो. उभ्या गाडीत खेळले तेवढंच काय ते माझं त्या गाडीतलं सुख.

संध्याकाळी सगळे माळावर गोल करून बसले. या क्लबात एक प्रथा होती, तिला ते 'कुळकथा' म्हणायचे. प्रत्येक मालकानं माईक घेऊन आपल्या गाडीचं कूळ सांगायचं, कुणी विकत घेतली, कुणी वापरली, कुठं फिरली. सगळ्यात चांगल्या कुळकथेला मोठी ढाल. गाडी चालते कशी यापेक्षा तिच्यात कोण बसलं होतं याला तिथं भाव. आमच्या ह्यांनी "माझ्या वडिलांनी नंबर लावून घेतली, आठ वर्षांनी मिळाली" एवढंच सांगितलं आणि खाली बसले. दोघांनीच टाळ्या वाजवल्या, त्यातली एक मी.

मग शिंत्रे उठले. आणि काय सांगू, माणसानं रंगवलं असं की बास! अमावास्येची रात्र, नरभक्षक वाघ, राजेसाहेब डाव्या खिडकीतून नेम धरतायत, कड्यांना चार बंदुका बांधलेल्या. लोकं श्वास रोखून ऐकत होती. शेवटी ते म्हणाले, "आणि येत्या गुरुवारी माझ्या एकुलत्या एक मुलीची, ऋजुताची, पाठवणी याच शाही गाडीतून होणार आहे. आपण सर्वांनी अगत्य यायचं." त्यांची मुलगी शेजारी उभी होती, साधी, सावळीशी, केसांचा बुचडा बांधलेली. दुपारपासून ती सगळ्या तंबूंत लग्नाच्या पत्रिका वाटत होती. आम्हालाही देऊन गेली होती, अण्णांना वाकून नमस्कार करून.

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं डोकं फिरलं.

"थांबा!" मी उभी राहिले. माझा आवाज मैदानावरचा, त्याला माईक लागत नाही. "ही कुळकथा खोटी आहे!"

"अगं, बस," हे माझा पदर ओढायला लागले.

"का बसू? गाडी माझ्या वडिलांची. कड्या माझ्या वडिलांनी बसवून घेतलेल्या. राजाबिजा कुणी नव्हता. तातू डायवर म्हणून सगळा मिरज स्टँड ओळखायचा त्यांना. एवढी राबली ती गाडी, आणि तुम्ही तिच्यावर वाघ चिकटवता? लाज नाही वाटत?"

सगळीकडे कुजबुज सुरू झाली. शिंत्र्यांचं हसू आता जरा आखडलं होतं.

"बाई, तुम्ही माझ्या गाडीला टॅक्सी म्हणताय."

"मग टॅक्सीला काय म्हणू? रथ?"

परीक्षक म्हणून एक निवृत्त अधिकारी होते, बोलायला सज्जन. ते म्हणाले, "ताई, काही पुरावा आहे का?"

"पुरावा समोर बसलाय! अण्णा, उठा. सांगा ह्यांना."

अण्णा उठले. धोतराचा सोगा सावरला. एवढी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"आजोबा," परीक्षकांनी विचारलं, "ही गाडी तुमची होती?"

अण्णा काही बोलायच्या आत शिंत्रे म्हणाले, "एक मिनिट. त्यांची असेल तर त्यांना विचारा, त्या कड्या कशाला होत्या? टॅक्सीला कड्या कशाला लागतात?"

"बरोबर आहे," परीक्षक म्हणाले. "सांगा आजोबा, कशाला होत्या कड्या?"

अण्णांनी गाडीकडे बघितलं. मग शिंत्र्यांकडे, मग त्यांच्या मुलीकडे. पत्रिकांचा गठ्ठा अजून तिच्या हातात होता. मी मनात म्हणत होते, बोला, बोला, सामान बांधायला होत्या, पेट्या बांधायला होत्या, काय असेल ते बोला की!

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले. "ही माझी गाडी न्हवं. माझी ल्हान हुती. पोरीचा काहीतरी घोटाळा झालाय. माफ करा."

आणि हात जोडून खाली बसले.

लोक हसले. कुणीतरी "होतं असं, होतं असं" म्हणालं. शिंत्रे माईकमधून म्हणाले, "राजाच्या गाडीवर हक्क सांगावासा कुणाला वाटणार नाही?" आणि पुन्हा हशा. मी उभीच्या उभी जळून गेले. जन्मदात्या बापानं चारचौघांत मला खोटं पाडलं होतं, तेही मी त्याच्याच नावासाठी भांडत असताना.

त्या रात्री मी अण्णांशी अवाक्षर बोलले नाही. ह्यांना सांगितलं, "मला आत्ताच्या आत्ता घरी न्या." हे म्हणाले, "अंधारात फियाटचे दिवे पुरत नाहीत." मी तोंडावर पांघरूण घेऊन पडले.

सकाळी उठले तर अण्णा पाण्याच्या कडेला दगडावर बसून दाढी करत होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"का खोटं बोललात?"

"तोंड तरी धुतलंस का?"

"अण्णा, मला पोरासारखं गप्प करू नका. माझ्यासारख्या म्हाताऱ्या होत आलेल्या बाईला तुम्ही काल हसं करून घ्यायला लावलंत. गाडी तुमचीच आहे."

"माझीच हाय," अण्णा शांतपणे म्हणाले आणि वस्तरा पाण्यात बुडवून झटकला. "पैल्या नजरंत वळखली. बस हितं."

मी बसले नाही. ते तसेच बोलायला लागले.

"मिरजंला माणूस बरं व्हायला येतंय. आलेलं समदंच बरं हुतंय असं न्हाई. एकदा एक बाई हुती, अथणीकडची. नवऱ्याला घिऊन आलेली, नवरा गेला. मयत पायरीवर आणि ही स्टँडात, सकाळधरनं ह्या गाडीपाशी जा, त्या गाडीपाशी जा. मराठी येईना तिला. 'मनी, मनी' करायची. मनी म्हंजे कानडीत घर. येवढं मला कळलं."

"मग?"

"मग काय? कोण न्हेईना. डायवर वाईट न्हवते, इंदे. त्यास्नी बी पोटं हुती. एकदा गाडीत मयत घातलं की त्या गाडीत लगीनवालं बसत न्हाई, बाळंतीण बसत न्हाई. म्या न्हेलं. म्हटलं, येकदाच. पर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातनं दुसरं कोणतरी माझंच नाव इचारत आलं. त्याला काय म्हणणार? काल त्या बाईला हो म्हटलं, आज तुला न्हाई?"

मी त्यांच्या शेजारी कधी बसले ते मला कळलंच नाही.

"तवाचे रस्ते कसले! मागचं सीट काढायचं, फळी टाकायची, पाय डिकीत घालायचे. खड्डा आला की मयत हालायचं, आणि घरचं माणूस त्याला धरून वरडायचं. बघवायचं न्हाई. म्हणून कड्या मारून घेतल्या. दोरीनं दोन्हीकडनं नीट बांधायचं. मेलेल्या माणसाला तरी हिसके बसू नयेत."

आईच्या चार घागरी, गाडीतली उदबत्ती, आमचं एसटीनं जाणं. माझ्या मैत्रिणी खेळता खेळता आमच्या अंगणात यायच्या थांबल्या होत्या, तेही. मला वाटायचं, माझ्या तापट स्वभावामुळं येत नाहीत.

"मढ्याची गाडी म्हणायचे तिला," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईनं खूप काढलं. तू मोठी व्हायला लागलीस तवा मात्र धोसरा काढला, गाडी इका न्हाईतर पोरीला कोण करून घेणार न्हाई. इकायला काढली तर मिरज-सांगलीत कोण हात लावंना. मग पुण्याला न्हेली. तिथला एक दलाल इचारतोय, ह्या कड्या कशाच्या? काय सांगणार? म्हटलं, बंदुका बांधायच्या. राजाची गाडी हाय."



"म्हणजे तो राजा..."

"म्याच केला. आपल्या दारात हिवराचं झाड हुतं न्हवं? तेच तोंडात आलं. हिवरगड." अण्णांनी टॉवेलनं गाल पुसले. "पर म्या तीनच वाघ सांगितलं हुतं. बारा कवा झालं, काय म्हाईत."

मला हसू फुटलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यापाठोपाठ पहिल्यापेक्षा दुप्पट राग. नसलेल्या संस्थानची राजमुद्रा पितळेवर कोरून हे लोक मिरवत होते, एकालाही नकाशा उघडून बघायची बुद्धी झाली नव्हती, आणि मला म्हणे उन्हाचा त्रास!

"हे काल सांगायचं सोडून तुम्ही माफी मागितलीत?"

"त्येंनी कड्यांचं इचारलं. ती पोरगी तितंच हुबी. गुरवारी त्याच गाडीत बसून सासरी जायाची. तिच्यासमोर सांगू, की बाई, तू बसतीस तितं काय काय निजलं हुतं? आयुष्यभर तिच्या मनातनं जाईल व्हय ते? उद्या काय वाईट झालं, तर गाडीवर येईल."

"आणि वाघ मारले ते चालतं?" मी ओरडले. पाण्यातले बगळे उडाले. "जीव घेतलेली गाडी शाही, शुभ, तिच्यातून पोरीची पाठवणी! आणि माणसं त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचवली ती गाडी अशुभ? हा कुठला न्याय, अण्णा? त्या बायकांना विचारा, ज्यांना स्टँडवर कुणी उभं केलं नाही. त्यांना विचारा, राजाची गाडी कुठली ती!"

"जग तसंच हाय."

"मग जगाच्या थोबाडीत मारा की! तुम्ही काय म्हणून मान खाली घातलीत? आईनं घातली, तुम्ही घातलीत, आता मी पण घालू?"

"गुरवार हुंदे," अण्णा म्हणाले. "मग गावभर दवंडी पीट. तवर न्हाई. माझी शपथ हाय तुला."

शपथ घातल्यावर काय बोलणार? मी दातओठ खात गप्प बसले. असं गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

समारंभात कुळकथेची ढाल अर्थातच शिंत्र्यांना मिळाली. मी टाळी वाजवली नाही. सगळं उरकल्यावर गाड्या एकेक फेरी मारायला निघणार होत्या, धरणाच्या रस्त्यानं पुढं जाऊन परत. तेवढ्यात ती ऋजुता आमच्याकडे आली.

"आजोबा, तुम्ही टॅक्सी चालवायचा ना? आमची गाडी चालवता एक फेरी?"

"नगं बाळा."

"चालवा ना. मी बाबांना विचारलंय."

शिंत्र्यांनी माईक हातातच धरला होता. "चालवू द्या, चालवू द्या! मन मोठं पाहिजे. आजोबांनाही राजाच्या गाडीचा मान मिळू दे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. माझ्या जिभेच्या टोकावर असं काही आलं होतं की त्याची राजमुद्रा वितळली असती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी गिळलं.

मागचं सीट आता परत बसवलं होतं. अण्णा स्टिअरिंगवर बसले. मी मागचं दार उघडलं आणि कुणाला न विचारता आत जाऊन बसले. बघते कोण मला उठवतं ते. ऋजुताही मागच्याच दाराकडे आली.

"तू फुडं बस, बाळा," अण्णा म्हणाले.

"मी मागं बसते ना, काकूंशेजारी."

"नगं. फुडनं रस्ता चांगला दिसतो."

ती पुढं बसली. गाडी निघाली. अण्णांचा चेहरा मला आरशात दिसत होता. कशाचाही दिखावा नाही, आनंद नाही, दुःख नाही, नुसता कामावर असलेला माणूस. खड्डा दिसला की लांबूनच वेग कमी करत होते, इतका की आत पाणी ठेवलं असतं तरी सांडलं नसतं. रस्ता धरणाच्या कडेनं वळला, मागं लोकांचा आवाज पडला. तेव्हा ऋजुता म्हणाली,

"आजोबा, ही गाडी तुमचीच होती ना?"

अण्णांनी गिअर बदलला.

"काल तुम्ही उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघितलंत. बाबांनी कड्यांचं विचारलं तेव्हा. आणि आता मला मागं बसू दिलं नाहीत." ती हळू बोलत होती, पण सोडायला तयार नव्हती. "मी गुरुवारी या गाडीतून जाणार आहे. काय असेल ते मला सांगा. मला खोट्या गोष्टीवर बसून घरातून निघायचं नाही."

अण्णांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. शपथ त्यांची होती. मोडायची तर त्यांनीच.

त्यांनी सांगितलं. मला सांगितलं त्याच्या निम्म्या शब्दांत. अथणीची बाई, फळी, कड्या. राजा आपणच केला तेही सांगितलं. पुढं बघूनच सांगितलं, एकदाही तिच्याकडे वळले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुझ्या बाबास्नी सांगून दुसरी गाडी बघ. चार दीस हाईत अजून. त्येंचा काय दोष न्हाई, त्येंनी इकत घेतली ती माझी थापच घेतली."

तिनं दार उघडलं आणि खाली उतरली.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. झालं! हीपण तसलीच निघाली! शिकलेली, शहाणी, नमस्कार करणारी, आणि शेवटी मढ्याचं नाव काढलं की उतरून चालायला लागली! मी काच खाली करायला लागले. अण्णांची शपथ गेली खड्ड्यात, आता हिला ऐकवायचंच होतं. शिंत्र्यांचे वाघ, गावाची तोंडं, माझ्या आईनं ओतलेलं पाणी, सगळं एकदमच ऐकवायचं होतं.

माझ्या बाजूचं दार बाहेरून उघडलं गेलं. ऋजुता वाकून उभी होती. डोळे भरलेले, पण आवाज नीट होता.

"सरका थोडं, काकू."

मी सरकले. ती आत आली, माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसली, साडीचा पदर मांडीवर घेतला आणि दार ओढून लावलं.



"चला आजोबा," ती म्हणाली.

अण्णांनी गाडी चालू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली आणि लहान पोरासारखे मोठ्यानं रडायला लागले.